स्वराज्य, होमरूल आणि हक्क : बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा यांच्या चरित्राचा एक शब्दार्थविचार

लोकमान्य टिळकांच्या नावाशी कायमचे जोडले गेलेले जे वाक्य महाराष्ट्रात शाळकरी मुलांपासून सर्वांच्या तोंडी आहे, त्यातील ‘स्वराज्य’ या शब्दाची चर्चा पुष्कळ झाली. त्याच वाक्यातील ‘जन्मसिद्ध हक्क’ या दोन शब्दांची चर्चा मात्र फारशी झालेली नाही. वस्तुतः त्या वाक्याचे सारे बळ याच दोन शब्दांत आहे. स्वराज्य हवे, स्वराज्य मिळावे, स्वराज्य द्या, असे म्हणणारा मनुष्य याचक असतो; स्वराज्य हा हक्क आहे असे म्हणणारा वादी असतो. याचक दरबारात उभा राहतो, वादी न्यायालयात. या वाक्याच्या घडणीचे श्रेय मुंबई बेटावरील एका बॅरिस्टराला देणारी एक परंपरा आहे. त्या बॅरिस्टराचे नाव जोसेफ बॅप्टिस्टा. टिळकांच्या गोटात आणि गिरणगावात त्यांस ‘काका’ म्हणत. हे श्रेय कोणास किती द्यावे, हा प्रश्न तितकासा महत्त्वाचा नाही. मागणीला दाव्याचे रूप देण्याची दृष्टी या वकिलाच्या सर्व सार्वजनिक आयुष्यात सारखी दिसते, आणि तिचा मागोवा घेतला असता मराठीतील काही राजकीय शब्दांचा इतिहासही उलगडतो.

बॅप्टिस्टा यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी माझगाव येथील माथारपाखाडीत झाला. पाखाडी म्हणजे दगडी फरसबंदीची, बहुधा चढउताराची वाट. अशा वाटेच्या दोहो अंगांस वसलेल्या वस्तीलाही मुंबईच्या जुन्या बोलीत हेच नाव मिळाले. वडील जॉन बॅप्टिस्टा हे मूळचे भाईंदरजवळील उत्तनचे. येथे एक गमतीची गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. ‘बाप्तिस्ता’ याचा पोर्तुगीजमधील अर्थ बाप्तिस्मा देणारा. तेव्हा वडिलांचे संपूर्ण नाव म्हणजे ख्रिस्ती शास्त्रातील ‘बाप्तिस्मा देणारा योहान’ हेच होय. अशी नावे उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर घरोघर आढळतात. ती बाहेरून आलेल्या माणसांची नावे नाहीत. येथल्याच माणसांना बाहेरून मिळालेली नावे आहेत.

हा भेद नीट ध्यानात येण्यासाठी या बेटांचा राजकीय इतिहास थोडक्यात पाहावा लागतो. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने वसई आणि तिच्या अंमलाखालील बेटे पोर्तुगीजांस दिली. १६६१ च्या विवाहतहाने मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली, १६६५ मध्ये तिचा प्रत्यक्ष ताबा इंग्रजांस मिळाला आणि १६६८ मध्ये राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीस दिली. साष्टी, उत्तन आणि वसई मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. १७३७ ते १७३९ या काळातील मोहिमेत चिमाजी अप्पांनी हा मुलूख मराठी अंमलात आणला. पुढे १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली. म्हणजे उत्तनच्या एखाद्या ख्रिस्ती कुळंब्याच्या घराण्याने दोन-अडीचशे वर्षांत तीन सत्ता पाहिल्या. माझगावच्या त्याच्या सोयऱ्याने मराठी सत्ता कधीच पाहिली नाही. दोघांच्या घरातील बोली मात्र एकच होती, आणि ती मराठीची बोली होती. तीत उत्तर कोकणच्या आगरी-कोळी बोलींप्रमाणे ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ येतो, पोर्तुगीज शब्दांचा भरणा आहे, आणि लग्नात ‘उंबराचे पाणी’ आणण्यासारखे विधी चालतात, ज्यांचे मूळ देवळात किंवा चर्चमध्ये शोधण्याऐवजी गावात शोधावे.

या समाजास पूर्वी इंग्रजी कागदोपत्री ‘बॉम्बे पोर्तुगीज’ म्हणत. एकोणिसाव्या शतकात गोवा आणि मंगळूर येथून ख्रिस्ती लोक नोकरीसाठी मुंबईस मोठ्या संख्येने येऊ लागले, तेव्हा हे नाव अडचणीचे झाले. नावावरून सर्व एकच वाटत. परंतु मुंबईची मंडळी कंपनीच्या काळापासून इंग्रजांची प्रजा, तर गोव्याची मंडळी पोर्तुगालची. नोकऱ्यांतील जुना अग्रक्रम टिकवावा म्हणून १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या कारकीर्दीस पन्नास वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास, ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन झाली आणि या समाजाने ईस्ट इंडियन हे नाव धारण केले. पुढे बॅप्टिस्टा या संस्थेचे अध्यक्ष झाले. भाषाभ्यासकाला येथे थबकावेसे वाटते. एखाद्या समाजाने सभा भरवून, ठराव करून, स्वतःचे नाव बदलून घ्यावे आणि त्यामागे नागरिकत्वाचा एक कायदेशीर दावा असावा, ही घटना विरळा. नाव हीच एक प्रकारची कैफियत असते, हा धडा बॅप्टिस्टांस आपल्या पाखाडीतच मिळाला असला पाहिजे.

त्यांचे प्राथमिक शिक्षण माझगावच्या सेंट मेरीज शाळेत झाले. नंतर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, आणि पुढे केंब्रिज येथे राज्यशास्त्राचा अभ्यास करून पदवी, तसेच बॅरिस्टरी. १९०१ पासून सतरा वर्षे ते मुंबई नगरपालिकेचे सभासद होते. त्यांची वकिली ज्या बेटावर चालली, त्या बेटाच्या जमिनीच्या कायद्यातही पोर्तुगीज राजवटीचे अवशेष शब्दरूपाने जिवंत होते. ‘फजंदार’ आणि ‘फजंदारी’ हे शब्द पोर्तुगीज ‘फाझेंदा’पासून आले, ‘फोरास’ जमिनीवरून मुंबईतील एका प्रसिद्ध रस्त्याचे नाव पडले. राज्य जाते, पण महसुलाचा शब्द राहतो. मराठीतील ‘हक्क’ या शब्दाचेही असेच आहे. त्याकडे पुढे वळावयाचे आहेच.

शब्दाच्या अर्थावर माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून असते, याचा प्रत्यय १९०८ च्या खटल्याने आणून दिला. १२ मे आणि ९ जून १९०८ च्या ‘केसरी’तील अग्रलेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा आणि वर्गद्वेष वाढविल्याचा आरोप ठेवण्यात आला. न्यायमूर्ती दावर हे न्यायासनावर होते; हेच दावर १८९७ च्या खटल्यात टिळकांचे वकील म्हणून जामिनासाठी उभे राहिले होते. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला, परंतु त्यांच्या निकटच्या कायदेपंडितांत बॅप्टिस्टा होते. ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी; अग्रलेख मराठी, आणि पंचांपुढे होते ते त्यांचे इंग्रजी भाषांतर. टिळकांचे भाषण काही दिवस चालून एकंदर एकवीस तासांवर गेले, आणि त्याचा एक मोठा भाग भाषांतराविषयीच होता.

त्यांचा मुद्दा भाषाशास्त्रदृष्ट्या मोलाचा आहे. मराठी ही तोपर्यंत राज्यशास्त्राची भाषा नव्हती; नव्या राजकीय कल्पनांसाठी लेखक इंग्रजी शब्द मनात धरून मराठी शब्द योजीत होते, काही नवे घडवीत होते, काही जुन्यांना नवा अर्थ देत होते. सरकारी भाषांतरकार त्या मराठी शब्दाचा कोशातील जुना आणि बहुधा अधिक तिखट अर्थ घेऊन तो पुन्हा इंग्रजीत नेत. उदाहरणादाखल ‘जुलमी’ हा शब्द घ्यावा. बाजारात एखाद्या सासूस, एखाद्या सावकारास, एखाद्या मास्तरांसही जुलमी म्हणतात. त्यात चीड असते, बंड नसते. राज्यकर्त्यांच्या धोरणास एका संपादकाने तो लावला, तर तो राज्यशास्त्रातील अनियंत्रित सत्तेचा पर्याय आहे, की निव्वळ तक्रार आहे, की चिथावणी? मोल्सवर्थच्या कोशात याचे उत्तर नाही, कारण कोश शब्दाचा अर्थ सांगतो, शब्दाचा प्रसंग सांगत नाही. मराठी न जाणणाऱ्या पंचांनी सात विरुद्ध दोन मतांनी टिळकांस दोषी ठरविले. सहा वर्षे काळ्या पाण्याची आणि एक हजार रुपये दंडाची शिक्षा झाली. गिरणगावातील कामगारांनी शिक्षेच्या प्रत्येक वर्षास एक याप्रमाणे सहा दिवस काम बंद ठेवले. त्यांस भाषांतराची गरज पडली नव्हती.

१९१० मध्ये विनायक दामोदर सावरकर यांच्यावरील खटल्यात बॅप्टिस्टा त्यांच्या बाजूने उभे राहिले. सशस्त्र क्रांतीचा पुरस्कार करणारा आशील आणि सनदशीर मार्गाचा पुरस्कार करणारा वकील, असा हा योग होता. वकिलाचे मत आशिलाच्या मताशी जुळलेच पाहिजे असे नाही. पण त्या काळात असे वकीलपत्र घेणे म्हणजे सरकारी मर्जीवर पाणी सोडणे होते.

मंडालेहून १९१४ मध्ये सुटून आल्यावर टिळकांपुढे प्रश्न होता तो राजद्रोहाच्या कलमात न सापडणारी भाषा शोधण्याचा. ‘स्वराज्य’ या शब्दाचा नुसता उच्चार राजद्रोह ठरत नाही, असे कलकत्ता उच्च न्यायालयाने १९०७ मध्येच मानले होते. तरीही अधिकाऱ्यांच्या कानाला तो शब्द शिवकालाची आठवण करून देणारा आणि म्हणून संशयास्पद होता. तो संशय अगदी निराधार नव्हता. सतराव्या-अठराव्या शतकांतील मराठी कागदपत्रांत ‘स्वराज्य’ म्हणजे एक विशिष्ट मुलूख, मोगलाईहून वेगळा. १७१९ च्या सनदांत स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी अशी तीन स्वतंत्र प्रकरणे आहेत. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये दादाभाई नौरोजींनी या शब्दास साम्राज्यांतर्गत स्वयंशासनाचा अर्थ जोडला. एकाच शब्दाचे असे दोन अर्थ असताना सभेतील श्रोता पहिला अर्थ ऐके आणि न्यायालयात दुसरा सांगता येई. ही संदिग्धता सोयीची होती, पण धोक्याचीही.

यावर काढलेला तोडगा म्हणजे ‘होमरूल’ हा शब्द. आयर्लंडला होमरूल देणारा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने सप्टेंबर १९१४ मध्ये संमत केला होता, जरी युद्धामुळे त्याची अंमलबजावणी लांबणीवर पडली. जो शब्द पार्लमेंटच्या कायद्यात आहे तो उच्चारणाऱ्यास पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने राजद्रोही कसे म्हणावे? परभाषेतील शब्द जसाच्या तसा उचलण्यामागे सामान्यतः आळस असतो. येथे त्यामागे वकिली होती. २८ एप्रिल १९१६ रोजी, बेळगावच्या प्रांतिक परिषदेच्या वेळी, इंडियन होमरूल लीग स्थापन झाली. अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा, चिटणीस नरसिंह चिंतामण केळकर. टिळकांनी स्वतः कोणतेही पद घेतले नाही. योगायोग असा की, याच आठवड्यात डब्लिन शहरात ईस्टरचे सशस्त्र बंड चालू होते. आयर्लंडने तो शब्द सोडून बंदूक हाती घेतली, त्याच वेळी महाराष्ट्राने तो शब्द हाती घेतला. ॲनी बेझंट यांची दुसरी लीग त्याच वर्षी निघाली आणि कामाचे प्रदेश वाटून घेण्यात आले. टिळकांच्या लीगकडे महाराष्ट्र, कर्नाटक, मध्यप्रांत आणि वऱ्हाड होते. मुंबई शहर मात्र नव्हते. मुंबई बेटाचा पुत्र ज्या संस्थेचा अध्यक्ष, तिच्या कार्यक्षेत्रात त्याचे बेटच नव्हते! एप्रिल १९१७ पर्यंत या लीगचे सभासद सुमारे चौदा हजार झाले.

अध्यक्षपदी ख्रिस्ती बॅरिस्टर असणे हे केवळ शोभेचे नव्हते. ३१ मे आणि १ जून १९१६ रोजी टिळकांनी अहमदनगर येथे जी व्याख्याने दिली, त्यांत ‘परका’ कोणास म्हणावे याचे विवेचन आहे. धर्माने वा वर्णाने कोणी परका ठरत नाही. ज्याचे हित या देशाच्या हिताशी जोडलेले नाही तो परका, असा त्या विवेचनाचा सारांश. हा युक्तिवाद कोणी कोणास शिकविला हे येथे महत्त्वाचे नाही. पोर्तुगीज आडनावाचा, केंब्रिजला शिकलेला, घरी मराठी बोली बोलणाऱ्या समाजातला मनुष्य लीगचा अध्यक्ष असताना, हा युक्तिवाद शब्दांतच न राहता प्रत्यक्षात उतरला. ‘काका’ या संबोधनाचाही येथेच विचार करावा. महाराष्ट्राच्या राजकारणात तात्या, अण्णा, दादा, काका ही नात्याची नावे पुढाऱ्यांस मिळाली ती बहुतेक घरात मिळालेली आणि पुढे सार्वजनिक झालेली. बॅप्टिस्टांच्या आडनावापुढे मात्र हे संबोधन उठून दिसते. कारण नातेवाचक शब्द हा आपला-परका ही सीमा ओलांडण्याचा मराठीतील सर्वांत सोपा मार्ग आहे.

नगर आणि बेळगाव येथील व्याख्यानांवरून टिळकांवर पुन्हा कारवाई झाली. २३ जुलै १९१६ रोजी, म्हणजे त्यांच्या साठाव्या वाढदिवशीच, त्यांस नोटीस मिळाली. वर्षभर चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन असा हुकूम जिल्हा मॅजिस्ट्रेटने केला. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर महंमदअली जिना यांनी काम चालविले, आणि नोव्हेंबर १९१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. व्याख्याने सुट्या वाक्यांवरून न पाहता समग्र पाहिली पाहिजेत, हा दृष्टिकोन या वेळी मान्य झाला. १९०८ मध्ये ज्या वाटेने शिक्षा आली, त्याच वाटेने १९१६ मध्ये सुटका आली. आठ वर्षांत मराठी राजकीय भाषा अधिक सावध झाली होती.

आता ‘हक्क’ या शब्दाकडे वळावयास हरकत नाही. हा अरबी शब्द. मूळ अर्थ सत्य, यथार्थ, वाजवी. फारसीच्या मार्गाने तो दख्खनच्या राजवटींत आला आणि मराठी दप्तरात स्थिरावला तो एका नेमक्या अर्थाने. ‘हक्क’ म्हणजे वतनास जोडलेले उत्पन्न. पाटलाचा हक्क, कुळकर्ण्याचा हक्क, देशमुखाचे हक्कलाजिमे, बलुतेदाराचा सुगीवरचा हक्क, असा त्याचा उपयोग. ‘मिरास’ या शब्दाचे मूळही अरबीतील वारसावाचक शब्दात आहे. म्हणजे इंग्रजी अंमलापूर्वी मराठी माणसाला हक्क ठाऊक होता, आणि तो जन्माने मिळतो हेही ठाऊक होते. किंबहुना जन्माने मिळतो तोच खरा हक्क, बाकीची मेहेरबानी, अशी समजूत होती. वतनासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडणारा, दिव्य करणारा, प्रसंगी डोके फोडणारा मराठी कुणबी ‘जन्मसिद्ध हक्क’ हे शब्द ऐकून बुचकळ्यात पडण्याचे कारणच नव्हते. इंग्रजी राज्यात १८७४ च्या वतन कायद्याने याच कल्पनेस न्यायालयीन रूप दिले होते आणि गावोगावचे लोक त्यापायी कचेरीचे उंबरे झिजवीत होते.

तेव्हा या वाक्यातील नावीन्य हक्क जन्माने मिळतो हे सांगण्यात नाही. तो सर्वांस जन्माने मिळतो, हे सांगण्यात आहे. वतन एका घराण्याचे, स्वराज्य प्रत्येकाचे. युरोपीय राज्यशास्त्रातील नैसर्गिक हक्काची कल्पना मराठीत आणताना तिला वतनाच्या भाषेचे वस्त्र मिळाले, आणि म्हणून ती परकी वाटली नाही. पुस्तकी भाषांतर करणाऱ्याने येथे ‘अधिकार’ हा शब्द वापरला असता. पण मराठी कानाला अधिकार म्हणजे अंमल, म्हणजे मामलेदाराजवळ असतो तो; हक्क म्हणजे आपल्याजवळ असतो तो. ‘जन्मसिद्ध’ हे संस्कृत विशेषण आणि ‘हक्क’ हे अरबी नाम यांची जोडी व्याकरणाच्या सोवळ्यात बसत नसेल. सभेत मात्र ती अचूक बसली.

या जोडीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जन्माने मिळालेला हक्क सर्वांनाच भूषण नव्हता. महार वतनाचा हक्क म्हणजे तुटपुंज्या मोबदल्यात रात्रंदिवस करावयाची सरकारी चाकरी होती, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक आणले ते याच जन्मसिद्ध बंधनातून सुटण्यासाठी. हलकी समजली जाणारी गावची वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा. म्हणजे एकीकडे जन्मसिद्ध हक्काची घोषणा जुन्या शब्दात नवा अर्थ भरीत होती, आणि दुसरीकडे जुना अर्थ अजून लाखो लोकांच्या मानेवर होता. शब्द पुढे जातो तेव्हा सर्व माणसांना बरोबर घेऊन जातोच असे नाही.

हक्काच्या या भाषेची कसोटी सैन्याच्या प्रश्नावर लागली. पहिले महायुद्ध चालू असताना १९१७ मध्ये इंडियन डिफेन्स फोर्सचा कायदा झाला. त्यात युरोपीयांस भरती सक्तीची आणि हिंदी लोकांस ऐच्छिक होती. टिळकांनी पुण्याच्या तरुणांस नावे नोंदविण्याचा उपदेश केला, परंतु होमरूलवाल्यांचा हिशेब सरळ होता : जो साम्राज्यासाठी बंदूक धरील, तो साम्राज्यात नागरिक म्हणून गणला गेला पाहिजे. सैनिकाचे कर्तव्य आणि नागरिकाचा हक्क ही एकाच कराराची दोन कलमे होत. १० जून १९१८ रोजी गव्हर्नर विलिंग्डन यांनी मुंबईस बोलाविलेल्या युद्धपरिषदेत टिळक हे दुसरे कलम वाचू लागताच त्यांस थांबविण्यात आले, आणि ते सभा सोडून गेले. बॅप्टिस्टा हे १९१७ मध्ये लीगच्या वतीने इंग्लंडमध्ये गेले होते आणि मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांत त्यांनी हिंदुस्थानच्या स्वराज्याची बाजू मांडली.

स्वतः बॅप्टिस्टांनी शस्त्र धरले नाही. परंतु टिळकांच्या मृत्यूनंतर लगेच, एप्रिल १९२१ मध्ये, पुणे जिल्ह्याच्या मुळशी खोऱ्यात हक्काचा जो लढा पेटला, त्याच्या नायकास लोकांनी लष्करी पदवी दिली : सेनापती बापट. टाटांच्या वीज कंपनीच्या धरणाखाली बुडणाऱ्या गावांतील मावळ्यांची घोषणा ‘जान किंवा जमीन’ अशी होती. तीत हक्क हा शब्द नाही; कारण १८९४ च्या भूसंपादन कायद्यापुढे जमिनीवरचा पिढीजात हक्क केवळ नुकसानभरपाईच्या आकड्यात रूपांतरित होतो, हे त्या शेतकऱ्यांना कळून चुकले होते. स्वराज्याच्या हक्कासाठी न्यायालयात टिकलेला युक्तिवाद खाचराच्या हक्कासाठी टिकला नाही. मुळशी तालुक्याच्या पूर्व टोकाला असलेल्या हिंजवडीची शेते पुढे १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास कायद्याच्या यंत्रणेतून राजीव गांधी इन्फोटेक पार्कसाठी घेतली गेली, तेव्हाही त्याच प्रकारची भाषा चालली : मोबदला, परतावा, वाढीव दर. मिरासदार या शब्दाच्या जागी दोन्ही वेळा ‘खातेदार’ आला. सातबाराच्या उताऱ्यावर ‘इतर हक्क’ म्हणून एक रकाना असतो. जन्मसिद्ध हक्काला सरकारी कागदावर उरलेली जागा पाहावयाची असेल, तर तो रकाना पाहावा.

बॅप्टिस्टांनी आपल्या उत्तरायुष्यात हक्काची कल्पना जमिनीकडून श्रमाकडे नेली. गिरणी कामगार, टपालवाले अशा लोकांना ते कायद्याचा सल्ला देत. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली भरले. तिच्या स्थापनेत बॅप्टिस्टांचा प्रमुख वाटा होता, आणि स्थापनेमागेही एक कायदेशीर निकड होती. व्हर्सायच्या तहाने निर्माण झालेल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेस कामगारांचा प्रतिनिधी पाठवावयाचा, तर तो सर्वांत प्रातिनिधिक अशा कामगार संस्थेच्या संमतीने निवडला पाहिजे, असे कलम होते. अशी संस्थाच नसेल, तर सरकार आपल्या पसंतीचा माणूस पाठविणार. बॅरिस्टरास कलमातील फट दिसते तशी संधीही दिसते. १९२१ मध्ये झरियाच्या कोळसा खाणींच्या मुलखात भरलेल्या दुसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९२४ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत ते हिंदी कामगारांचे प्रतिनिधी होते.

याच सुमारास मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने संघटनेच्या पुढाऱ्यांविरुद्ध मनाईहुकूम दिला होता. कामगारांनी एकत्र येऊन संप करणे म्हणजे नोकरीचा करार मोडण्यास चिथावणी देणे, असा त्याचा अर्थ. हा अर्थ बदलण्यासाठी कायदाच व्हावा लागला, तो १९२६ चा ट्रेड युनियन कायदा. येथेही लढा एका शब्दाच्या व्याख्येवर आला होता : संघटना की कट? जाता जाता एक गोष्ट. गिरणी कामगाराच्या बोलीत सर्वांत अधिक वेळा येणारा शब्द ‘पगार’ हा पोर्तुगीज ‘पागार’, म्हणजे देणे, चुकते करणे, यापासून आलेला आहे. बॅप्टिस्टांच्या पूर्वजांच्या किनाऱ्यावरून तो घाटावर गेला आणि आता सर्व महाराष्ट्राचा झाला. हक्क अरबी, पगार पोर्तुगीज, युनियन इंग्रजी. पण ‘हक्काचा पगार’ हा प्रयोग निखळ मराठी आहे, आणि त्यात दोन्ही शब्दांच्या मूळ अर्थांचा, वाजवी आणि देणे यांचा, मेळ आपोआप बसला आहे.

१९२५ साली मुंबई नगरपालिकेने त्यांस आपला प्रमुख निवडले. त्या वेळी या पदास इंग्रजीत ‘प्रेसिडेंट’ म्हणत. ‘मेयर’ हे नाव १९३१ मध्ये आले, आणि बॅप्टिस्टा त्याआधीच निवर्तले होते. मराठीत त्यांच्या नावामागे आज सर्रास लावला जाणारा ‘महापौर’ हा शब्द तर सावरकरांनी घडविलेला. ज्या आशिलाच्या बचावासाठी १९१० मध्ये बॅप्टिस्टा उभे राहिले, त्याच आशिलाने घडविलेल्या शब्दाने मराठी वाचक आता त्यांचे पद ओळखतो.

१८ सप्टेंबर १९३० रोजी त्यांचा मृत्यू झाला. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांचे थडगे आहे, आणि माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर, पाण्याच्या जलाशयावर केलेल्या बागेस त्यांचे नाव दिलेले आहे. माथारपाखाडीची वस्ती तेथून जवळच आहे. तिच्या कौलारू घरांपैकी काही अजून उभी आहेत.